कोलोनोस्कोपीचा खर्च विम्यातून कसा मागावा: घरातल्या ज्येष्ठांसाठी

एजंट म्हणतो, "सगळं कव्हर आहे." व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा संदेश म्हणतो, पन्नाशीनंतर आतड्याची तपासणी विम्यात फुकट. अमेरिकेतली भाची फोनवर सांगते की तिच्या सासऱ्यांना एक पैसा भरावा लागला नाही. भाची खोटं बोलत नाही. तिकडे मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, सर्वसाधारण धोका असलेल्या माणसाची कोलोनोस्कोपी (गुदमार्गातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी) दर १० वर्षांनी आणि जास्त धोका असलेल्याची दर २ वर्षांनी करून देतं. पण इथे गोव्यात, फोंड्यात किंवा डिचोलीत बसून तो नियम आपल्याला काय कामाचा? आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी होते, मोठं आतडं त्यात नाही. आणि खासगी आरोग्य विमा उपचाराचे पैसे देतो, नुसत्या शोधाचे देत नाही. सगळी वादावादी होते ती या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात, आणि तिथे निकाल लागतो तो कागदावर.

घरातल्या आणि शेजारच्या बऱ्याच म्हाताऱ्यांच्या फायली मी हाताळल्या आहेत. क्रम असा ठेवा.

१. आधी शौचाची चाचणी

काहीही त्रास नसलेल्या माणसाला थेट कोलोनोस्कोपीच्या टेबलावर झोपवण्याची गरज नसते. शौचातलं न दिसणारं रक्त शोधणारी एफआयटी नावाची चाचणी असते. तिला पथ्य लागत नाही, ती वर्षातून एकदा करायची. ती सदोष आली, म्हणजे रक्त सापडलं, तर मात्र कोलोनोस्कोपी टाळायची नाही. "मूळव्याध असेल" म्हणत पुन्हा पुन्हा एफआयटी करत बसणाऱ्यांची मला चीड येते. चाचणीचे पैसे खिशातून भरा आणि पावती ठेवा. जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरत असाल तर कलम ८०डी च्या (आरोग्य विम्याच्या वजावटीच्या) मर्यादेतच प्रतिबंधक तपासणीसाठी ५,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते, रोखीने भरले असले तरी.

वयाचं म्हणाल तर अमेरिकेतली शिफारस ४५ ते ७५ अशी आहे, ७६ ते ८५ मध्ये माणूस बघून ठरवायचं. त्रास काहीच नसलेल्या ऐंशी पार केलेल्या आजोबांना केवळ मुलगा सुट्टीवर आलाय म्हणून तपासणीला नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्रास असेल तर वय आड येत नाही.

२. सरकारी कार्डं काढून ठेवा

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड बहुतेक घरांत असतं, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि चार किंवा जास्त असतील तर चार लाख. ते चालू आहे का बघा. ही योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते, म्हणून डॉक्टरांनी सुचवलेली प्रक्रिया यादीत आहे का ते इस्पितळातल्या योजनेच्या खिडकीवर आधी विचारा.

सत्तरी पार केलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं. ओपीडीतली, म्हणजे दाखल न होता केलेली, तपासणी त्यात बसत नाही, पण तपासणीत गाठ निघाली तर शस्त्रक्रियेच्या वेळी हेच कार्ड उपयोगी पडतं.

इथे गोव्यातली एक खास अडचण. आज जे सत्तरीच्या पुढे आहेत त्यांचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला, नोंदीही पोर्तुगीजमधल्या, नावाचं स्पेलिंग त्या धाटणीचं. आधारवर मात्र अंदाजाने सांगितलेलं साल आणि पुढे १ जानेवारी. या कार्डासाठी वय आधारवरूनच धरतात. खरं वय बहात्तर आणि आधारवर अडुसष्ट असेल तर आजार नसतानाच ते दुरुस्त करून घ्या.

३. पॉलिसीत चार जागा वाचा

प्रतीक्षा काळ (पॉलिसी घेतल्यावर ठरावीक दावे मिळत नाहीत तो काळ), वार्षिक आरोग्य तपासणी किंवा ओपीडीची सोय, डे-केअर उपचारांची (रात्रभर न राहता इस्पितळात होणाऱ्या उपचारांची) यादी, आणि इस्पितळात दाखल होण्याआधीच्या खर्चाचे दिवस. बाकीची पानं आता वाचली नाहीत तरी चालेल. वार्षिक तपासणीच्या सोयीत सहसा रक्त, लघवी, ईसीजी एवढंच असतं. ओपीडीची जोड घेतली असेल तर मात्र कोलोनोस्कोपी त्यात बसते का ते लेखी विचारा. फोनवरचं "हो" धरू नका.

४. कारणाचा रकाना

लोक सगळ्यात जास्त अडखळतात ते इथे. माझ्या आतेचा दावा इथेच अडला आणि त्यानंतर मी हे नियम मुळातून वाचले.

विमा नियामकाने २०१९ मध्ये सगळ्या कंपन्यांसाठी न मिळणाऱ्या खर्चांची भाषा एकसारखी करून दिली. त्यातलं चौथं कलम म्हणतं की केवळ निदान आणि तपासणीसाठी दाखल झालात तर खर्च मिळणार नाही. त्यामुळे "एक रात्र अ‍ॅडमिट करून घ्या, मग क्लेम होतो" हा सल्ला पूर्ण चुकीचा आहे. चोवीस तास झोपलात म्हणून तपासणीचा उपचार होत नाही. उलट खाटेचं भाडंही अंगावर पडतं. तरी हा सल्ला प्रत्येक वाड्यावर एक तरी जाणकार देतोच.

आता तपासणीचे तीन निकाल संभवतात आणि तिन्हींचा हिशेब वेगळा.

आतडं साफ निघालं, काही केलं नाही. हा खर्च तुमचा, ओपीडीची जोड असेल तरच वेगळी गोष्ट. भांडू नका. चांगली बातमी आहे, पैसे भरा आणि घरी जा.

दुसरा निकाल, पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ) दिसला आणि त्याच बैठकीत काढला. इथे तपासणीचा उपचार झाला. कोलोनोस्कोपीतून गाठ काढणं अनेक पॉलिसींच्या डे-केअर यादीत नावानिशी असतं. पण डे-केअरच्या व्याख्येतच लिहिलंय की ओपीडीत होणारा उपचार त्यात धरला जात नाही. म्हणून इस्पितळाने ओपीडीची पावती फाडली की दावा तिथेच संपला, आत डॉक्टरांनी काहीही काढलेलं असो. आतेचं नेमकं हेच झालं होतं: पॉलिप काढला, अहवालात नोंद होती, पण बिल ओपीडीचं आणि कारणाच्या रकान्यात "रुटीन चेकअप". आतेच्या अंगात रक्त कमी होतं, लोह खालावलेलं होतं, कोलोनोस्कोपी सुचवली होती ती त्यासाठीच. ते कारण डॉक्टरांच्या पहिल्या चिठ्ठीवर होतं, इस्पितळाच्या अर्जावर कोणी उतरवलंच नाही.

म्हणून टेबलावर जाण्याआधी, सुई टोचण्याआधी, विमा डेस्कवर आणि डॉक्टरांकडे हे करून घ्या. खरं लक्षण किंवा सदोष अहवाल असेल तो चिठ्ठीवर, दाखल करण्याच्या नोंदीवर आणि शेवटच्या डिस्चार्ज समरीवर एकाच भाषेत यायला हवा: शौचातून रक्त, लोहाच्या कमतरतेचा अ‍ॅनिमिया, एफआयटी सदोष, जे असेल ते. पॉलिप दिसला तर लगेच काढायची संमती आधीच द्या आणि तसं झालं तर नोंदणी डे-केअर म्हणून होईल ना, हे विचारून घ्या. प्रक्रियेच्या टिपणात पॉलिप किती मोठा, आतड्यात कुठे आणि कसा काढला हे असावं. बिलात पॉलिप काढण्याची रक्कम वेगळ्या ओळीत हवी. दुपारी गुंगीतल्या आजीला गाडीत बसवताना हे सुचत नाही, आणि नंतर कागद बदलून मागितले की कंपनीला संशय येतो.

एक सक्त ताकीद. नसलेलं लक्षण लिहून घेऊ नका. "डॉक्टर ओळखीचे आहेत, रक्त जातं असं लिहून देतील" म्हणणारे नातेवाईक भेटतात. ती फसवणूक आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर कंपनीला माहिती लपवल्याचं कारण काढता येत नाही, पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला ते संरक्षण नाही. पाच हजारांसाठी लाखोंची पॉलिसी घालवायची, कशाला?

तिसरा निकाल कोणालाच नको असतो. बायोप्सीत कर्करोग निघाला आणि शस्त्रक्रिया ठरली. तेव्हा आधी खिशातून भरलेल्या कोलोनोस्कोपीचे, बायोप्सीचे, सीटी स्कॅनचे पैसेही मागता येतात, कारण दाखल होण्याआधीचे ३० किंवा ६० दिवस पॉलिसीत धरलेले असतात आणि खर्च त्याच आजाराचा असतो. किती दिवस ते तुमच्या पॉलिसीत बघा, आणि मोजणी शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या तारखेपासून मागे करा. या गोंधळात कोलोनोस्कोपीचं मूळ बिल हरवणारी घरं मी पाहिली आहेत. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) शस्त्रक्रिया करणार असलात तरी खासगीतल्या तपासणीचे कागद एकाच फायलीत ठेवा.

५. पोट साफ करणं

डॉक्टर सांगतील ते औषध सांगतील तितक्या पाण्यात. सोलकढी आणि कोकम सरबत आदल्या दिवशी बंद, लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. रक्त पातळ करण्याच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचं आधी विचारा. चवथीच्या आठवड्यात तारीख घेऊ नका.

६. दावा नाकारला तर

नकार लेखी मागा, कुठल्या कलमाखाली ते नमूद करायला लावा. चौथं कलम दाखवलं आणि पॉलिप काढलेला असेल तर पॅथॉलॉजीचा अहवाल, प्रक्रियेचं टिपण आणि डे-केअर यादीचं पान जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. गोवा मुंबईच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. फी नाही, वकील लागत नाही, मात्र कंपनीच्या अंतिम नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवं.

पॉलिप निघालेल्या माणसाला डॉक्टर पुढच्या कोलोनोस्कोपीची मुदत लिहून देतात. ती तारीख आणि पॅथॉलॉजीचा अहवाल फायलीत सगळ्यात वर लावा. दावा केला म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, पण कंपनी बदलायची झाली तर नव्या अर्जात हा पॉलिप लिहावाच लागतो.