जांभ्याच्या पठारावर पवनचक्कीचा पाया आखताना

सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीसारख्या पठारावर पवनचक्कीचा पाया आखताना यंत्राचे वजन ही खरी अडचण नसते. ऐंशी मीटर उंचीवर वारा रेटतो आणि तो रेटा सगळा पायाच उलथवू पाहतो. त्याला तोंड देते ते पायाचे आणि त्यावर भरलेल्या मुरमाचे वजन.

ढोबळ हिशेब मांडून पाहावा. दोन मेगावॅटचे यंत्र टॉवरसह ३०० टन, १८ मीटर व्यासाच्या गोल पायातले ४०० घनमीटर काँक्रीट १,००० टन आणि वरचा मुरूम ५०० टन धरला, तर एकूण भार १,८०० टन होतो. यंत्र चालू असतानाचा मोमेंट, म्हणजे वाऱ्याचा रेटा गुणिले त्याची उंची, ३,६०० टन-मीटर असेल, तर भाराचा रोख मध्यापासून २ मीटर सरकतो. पायाची कड जमिनीवरून सुटू नये, यासाठी हे अंतर व्यासाच्या आठव्या भागात, म्हणजे इथे सव्वादोन मीटरच्या आत राहिले पाहिजे. वादळात कड सुटली, तरी निदान निम्मा तळ टेकलेला असावा.

काँक्रीट तेवढेच ठेवून व्यास वाढवला आणि कडेकडे जाडी उतरती केली, तर ही मर्यादा रुंदावते, शिवाय मुरमाचे वजन जवळपास फुकट मिळते. मात्र पाया फार पातळ झाला, तर तो लवचीक होतो आणि यंत्राच्या उत्पादकाने मागितलेला ताठपणा राहत नाही.

या हिशेबात पाणी विसरले जाते, आणि तीच चूक मला सर्वांत घातक वाटते. कातळात खोदलेला खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरतो. वरपर्यंत भरला, तर वरच्या १,८०० टनांपैकी पावणेसातशे टन पाणीच उचलून धरते आणि दोन मीटरची सरक सव्वातीन मीटरच्या आसपास जाते. म्हणून खड्ड्यातून उताराकडे चर काढावा. ते जमत नसेल, तर पाया जड धरावा.

बोअर, म्हणजे खालचे थर तपासण्यासाठी पाडायचे खोल भोक, प्रत्येक पवनचक्कीच्या जागी स्वतंत्र घ्यावा. वरचा जांभा टणक दिसतो, पण त्याच्या आत पोकळ्या आणि खाली मऊ चिकणमाती असू शकते. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये तांबडा बोल, म्हणजे मातीसारखा लाल थर, लागला, तर बोअरमधून निघालेला तुकडा बोटांनी चुरून पाहावा. तो चुरला, तर पायाची पातळी बदलण्याचा विचार आधी करावा, सळईचा नंतर.

काँक्रीट एका दमात, सांधा न सोडता ओतावे. सिमेंटचा काही भाग कोळशाच्या बारीक राखेने, म्हणजे फ्लाय अ‍ॅशने बदलला, तर आतली उष्णता आटोक्यात राहते. टॉवर पायाला जखडणारे अँकर बोल्ट ताणण्यापूर्वी टॉवरच्या तळाखालचे ग्राउट, म्हणजे फट भरणारे सिमेंटचे मिश्रण, पूर्ण ताकदीला आले आहे, हे त्याचे नमुन्याचे ठोकळे (क्यूब) फोडूनच ठरवावे.