वाळवंटातला माळ: जैसलमेरच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये कॅमेरा घेऊन जाताना

पुण्याहून जैसलमेरला जाणाऱ्यांचा बेत ठरलेला असतो. सकाळी सोनार किल्ला, संध्याकाळी समच्या वाळूत उंट, रात्री तंबूत नाचगाणं, दुसऱ्या दिवशी परत. समच्या तंबूंना अगदी खेटून १९८० मध्ये संरक्षित झालेलं ३,१६२ चौरस किलोमीटरचं रान पसरलेलं आहे, आणि ते बहुतेकांचं बघायचं राहूनच जातं. कॅमेरा घेऊन निघालेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आवर्जून सांगते: वाळूच्या टेकड्यांवर एक संध्याकाळ पुरे, बाकीचे दिवस गवताला द्या. इथलं बहुतेक जिवंत जग सेवण गवतात, खडकाळ माळावर आणि खेजडीच्या सावलीत आहे. खेजडी म्हणजे आपली शमी, केर हे काटेरी झुडूप आणि आक हेही आपल्या ओळखीतले. आकाला आपण रुई म्हणतो. सासवड-जेजुरीकडचा माळ ज्याने डोळसपणे पाहिलाय, त्याला हे रान परकं वाटत नाही.

म्हणून तयारीही पुण्यातच सुरू करा. पहाटे वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला जाऊन सुकलेल्या गवतातले चंडोल टिपा. मातीच्या रंगाचा पक्षी मातीवर शोधायची नजर सवयीनेच येते, आणि कॅमेऱ्याचा फोकस पुढच्या काडीवर न अडकवता मागच्या डोळ्यावर न्यायलाही हात बसावा लागतो. मग एखादा रविवार सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात किंवा इंदापूरकडच्या कडबनवाडीला काढा. तिथले चिंकारे गाडीपासून किती अंतरावर बुजतात, कान कधी टवकारतात, शेपूट कधी हलायला लागते, हे बघून ठेवा. राजस्थानातही हाच चिंकारा भेटणार आहे. तिथे तो राज्यप्राणी आहे.

जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. रेल्वेने जोधपूर गाठा आणि तिथून फलोदी-पोकरणमार्गे जैसलमेरला जा. डिसेंबर-जानेवारीत तिथे सूर्य साडेसातच्या सुमाराला उगवतो, म्हणजे पुण्यापेक्षा उशिरा. त्यामुळे साडेपाचला हॉटेलातून निघालात तरी पहिल्या उजेडाला रानात पोचता. गाडी उघडी असेल तर पहाटेची थंडी हाडात शिरते. कानटोपी आणि बोटं उघडी राहणारे हातमोजे हवेतच. बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, थंडीत त्या लवकर उतरतात.

परवाना जैसलमेरमधल्या वनविभागाच्या डेझर्ट नॅशनल पार्क कार्यालयातून मिळतो. हे काम पोचल्या दिवशीच उरका. शुल्क आणि खुले असलेले भाग तिथेच विचारून घ्या, कारण माळढोक पक्ष्याच्या प्रजननाप्रमाणे काही भाग बंद ठेवले जातात. ओळखपत्राच्या झेरॉक्स जवळ असू द्या. ड्रोन पुण्यातच ठेवा. हा सीमेचा प्रदेश आहे, आणि अभयारण्यात तो उडवायचा प्रश्नच येत नाही. स्थानिक वाटाड्या घ्या आणि त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की गाडी वाट सोडून गवतात घालायची नाही. बक्षिसीच्या आशेने काही जण पक्ष्याच्या मागे गाडी काढतात. गिऱ्हाईकाने आधीच नको म्हटलं की तेही सुटकेचा श्वास सोडतात.

परवान्यावरचा सुदासरीचा भाग माळढोकासाठी. तिथे त्याला गोडावण म्हणतात, १९८१ पासून तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. उंची जवळजवळ मीटरभर, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत, मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते. असा पक्षी एकदा घटला की पुन्हा वाढायला पिढ्या जातात. जगात आता दीडशेच्या आसपासच उरले आहेत आणि त्यातले बहुतेक याच जिल्ह्यात. सोलापूरजवळच्या नान्नजला आपल्याकडे १९७९ मध्ये खास त्याच्यासाठी अभयारण्य झालं. तिथे आज तो दिसणं म्हणजे नशीब. म्हणूनच मराठी माणसाने सुदासरीला जाताना फोटोपेक्षा मोठं काहीतरी मनात घेऊन जावं असं मला वाटतं.

दिसला, तर तो बहुधा लांब असेल. गाडी थांबवा, इंजिन बंद करा, दार उघडू नका. गाडी ही चांगली लपण आहे. माणूस खाली उतरला की मान वर होते आणि पक्षी चालू लागतो. मान वर गेली, चोच जरा उचलली आणि पाय भरभर पडायला लागले, की तुम्ही जास्त जवळ आलात असं समजा आणि मागे व्हा. मान खाली घालून तो टोळ वेचायला लागला, की तुमचा काळ सुरू. चारशे ते सहाशे मिलिमीटरची लेन्स लागते. विकत घ्यायची गरज नाही, पुण्यात भाड्याने मिळते. ट्रायपॉड गाडीत अडचणच करतो. त्याऐवजी लेन्स टेकवायला बीनबॅगची रिकामी पिशवी न्या आणि जैसलमेरच्या बाजारात चार किलो बाजरी घेऊन भरा. परत निघताना ती बाजरी कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कामी येते.

एक्स्पोजरकडे, म्हणजे चित्रात किती उजेड येतो त्याकडे, नीट लक्ष द्या. फिकट जमीन बघून कॅमेरा चित्र काळवंडवतो, म्हणून दोन तृतीयांश ते एक स्टॉपने वाढवा. माळढोकाची मान मात्र पांढरट असते आणि उन्हात तिचे बारीक पट्टे लगेच उडून जातात. दर थोड्या वेळाने हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, बघा. उजव्या भिंतीला आलेख आपटत असेल तर एक तृतीयांश खाली या. दहा वाजून गेले की जमीन तापते आणि हवा थरथरायला लागते. मग लेन्स कितीही महाग असू दे, दोनशे मीटरवरचा पक्षी पाण्यातून बघितल्यासारखा मऊ येतो. त्या वेळेला लांबचे फोटो काढणं सोडा आणि जवळच्या जिवांकडे वळा. बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेला सांडा, म्हणजे काटेरी शेपटीचा सरडा, दिसेल, किंवा केराच्या झुडपावर बसलेला छोटा पक्षी. नाहीतर एखाद्या नाडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या काठाला गाडी लावून बसा. पखुर्ड्या, म्हणजे माळावरचे कबुतराएवढे पक्षी, सकाळी ऊन चढल्यावर थव्याने पाण्यावर येतात. आधी आवाज येतो, मग थवा दोन-तीन घिरट्या घालतो, आणि मग सगळे एकदम उतरतात. शटर दोन हजारांश सेकंदावर ठेवूनच वाट बघा.

लेन्स रानात बदलू नका. डोळ्यांना न दिसणारी वाळू सेन्सरवर बसते. दोन बॉडी असतील तर एकीवर लांब, दुसरीवर रुंद लेन्स लावून ठेवा. एकच असेल तर गाडीच्या काचा बंद करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदला. रात्री खोलीवर आधी हवेच्या पंपाने वाळू उडवा. थेट कापडाने पुसलीत तर काचेवर ओरखडे आलेच.

आणि विजेच्या ताराही फ्रेममध्ये येऊ द्या. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, नजर बाजूंना असते, अंग जड; तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. तारांना धडकून मरणं हे त्याच्या ऱ्हासाचं मोठं कारण आहे आणि हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. पवनचक्क्या आणि तारा चुकवून काढलेलं चित्र सुंदर दिसेल, पण आजचं खरं रान त्यात नसेल. संध्याकाळच्या उजेडात गवत, पक्षी आणि मागे तारांची रांग, असं एक तरी चित्र घेऊन या. मात्र कुठलाही फोटो टाकताना नेमकं ठिकाण लिहू नका.

आता गावं. जैसलमेरहून बारमेर रस्त्यावर सतराएक किलोमीटरवर आकल आहे. अठरा कोटी वर्षांपूर्वीची झाडं तिथे दगड होऊन पडली आहेत. ओंडके जाळीच्या आत असल्याने भरदुपारी जाळीची सावली आडवी येते. तिरप्या उन्हात जा, सालीचे कंगोरे उठून दिसतात. लोदुर्वा ही ११५६ मध्ये जैसलमेर वसण्याआधीची भाटी राजपुतांची राजधानी; तिथल्या जैन मंदिराच्या तोरणासाठी पन्नास मिलिमीटरची लेन्स पुरते.

कुलधरा या ओस पडलेल्या गावी भुताच्या गोष्टी ऐकायला गर्दी होते. त्यापेक्षा तिथे पूर्वी राहणाऱ्या पालीवाल ब्राह्मणांची पाण्याची अक्कल बघा. खडकाळ उतारावरून पावसाचं पाणी खाली येतं, ते मातीच्या लांब बांधाने अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. याला खडीन म्हणतात. पिवळ्या दगडी मुलखात मधेच हिरवा चौकोन दिसला की थांबा. तिथे पक्षीही असतात. पुढे खाभ्याच्या गढीवर सकाळी लवकर चढा. खाली ओस गावाच्या छपराविना भिंती एका आराखड्यासारख्या पसरलेल्या दिसतात आणि मोर त्या भिंतींवर फिरत असतात.

मुक्काम समपेक्षा खुरीला करावा. मातीची सारवलेली घरं, त्यावर पांढरे मांडणे, म्हणजे रांगोळीसारखी नक्षी, आणि वाळू गावाला लागूनच. माणसांचे फोटो काढायची घाई करू नका. राम राम म्हणा, बसा, चहा घ्या. घुंगट घेतलेल्या बाईंकडे लेन्स वळवण्याआधी त्यांनाच विचारा. घरातल्या पुरुषाने हो म्हटलं म्हणजे त्यांनी म्हटलं असं होत नाही. फोटो पाठवतो म्हणालात तर छापून पोस्टाने पाठवा. जेवायला केर-सांगरीची भाजी आणि बाजरीचा सोगरा असेल. भोगीची भाकरी आवडीने खाणाऱ्याला तो वेगळा सांगायला नको. गावाजवळ ओरण असेल तर तिथे पायी फिरा. ओरण म्हणजे तिकडची देवराई, झाड तोडायचं नाही हा नियम आपल्यासारखाच.

परतताना फलोदीला उतरून खिचनला एक सकाळ द्या. गावातले जैन व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या कुरजांना, म्हणजे करकोच्यांना, दाणा घालत आले आहेत आणि हिवाळ्यात हजारोंनी पक्षी चुग्गाघराच्या अंगणात उतरतात. २०२५ मध्ये खिचन रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. कुणाच्या गच्चीवरून फोटो घ्यायचे असतील तर आधी घरच्यांना विचारा. लांब लेन्सने एकेक पक्षी टिपून झाला की रुंद लेन्स काढा, म्हणजे लाल दगडाच्या हवेल्या आणि वरचं भरलेलं आभाळ एकाच चौकटीत येतं. दाणे टिपून झाल्यावर पक्षी तळ्यावर जातात, तिथे दुपारपर्यंत निवांत बसता येतं. जोधपूरची गाडी त्यानंतरचीच घ्या.