पाय दाखवायला येताना रोजची चप्पल घेऊन या

पेशंट खुर्चीत बसला की मी आधी त्याची चप्पल उलटी करून बघते. टाच एकाच बाजूने झिजलीय का, अंगठ्याखाली खळगा पडलाय का, तळात बाभळीचा काटा किंवा बागेतली तार रुतून बसलीय का, हे चपलेवरून कळतं. पिंपळगावकडच्या एका काकांच्या चपलेतून मी पाऊण इंची खिळा काढला होता. तो आरपार येऊन तळव्यात घुसत होता आणि काका त्याच चपलेवर दोन दिवस द्राक्षबागेत फिरत होते. "दुखलंच नाही हो सिस्टर," म्हणाले. त्यांना १२ वर्षांपासून शुगर होती.

मी नर्स आहे. २०१० पासून नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका डायबेटिस क्लिनिकमध्ये फूट केअरची खोली सांभाळते. त्याआधी आयसीयूत होते. पायांच्या कामाकडे मी वळले ती अण्णांमुळे, माझ्या वडिलांमुळे. ते पुढे सांगते.

कोणाकडे जायचं

ब्रिटनमध्ये पायाची तक्रार असली की लोक पोडियाट्रिस्टकडे जातात. तो पदवी घेतलेला, नोंदणी असलेला स्वतंत्र व्यवसाय आहे. आपल्याकडे तशी पाटी क्वचित दिसते आणि हे काम चार-पाच जणांत वाटलं गेलंय. नखाची बुरशी, चिखल्या, मस यासाठी त्वचारोगतज्ज्ञ. टाचदुखी, वाकडा अंगठा, सपाट तळवा यासाठी हाडांचे डॉक्टर आणि त्यांच्या जोडीला फिजिओ. शुगर असेल, पाय बधिर असतील तर फूट क्लिनिक असलेले मधुमेहतज्ज्ञ. चालताना पोटरी भरून येत असेल आणि थांबलं की बरं वाटत असेल, किंवा बोट काळंनिळं पडत असेल, तर रक्तवाहिन्यांचे सर्जन. खर्च परवडत नसेल तर सिव्हिलच्या ओपीडीत जा, पण जा.

पार्लरमधलं पेडिक्युअर हे उपचारात धरू नका. शुगरवाल्यांनी तर तिथे पाय देऊच नयेत. फूट क्लिनिकमध्येसुद्धा बिनधास्त विचारा: हत्यारं ऑटोक्लेव्ह करता का? १२१ अंशांवर, दाबाखाली किमान १५ मिनिटं वाफवलेली आणि सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेली हत्यारं हवीत. नुसती डेटॉलच्या वाटीत बुडवलेली असतील तर उठून या.

येताना औषधांची चिठ्ठी, शुगरचा शेवटचा रिपोर्ट आणि रोज वापरतात ती चप्पल आणा. खास डॉक्टरकडे जायचं म्हणून काढलेल्या नव्या चपलेचा मला काही उपयोग नसतो. नेलपॉलिश काढून या, नखाचा रंग बघावा लागतो.

पहिल्या भेटीत काय होतं

दुखत काहीच नाही. पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्यामागे मी नाडी बघते. लागली नाही तर डॉपलर, म्हणजे रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र, लावते आणि घोट्याजवळच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागते. उत्तर ०.९ च्या खाली आलं तर पायाला रक्त कमी पोचतंय असा संशय घ्यायचा. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर जाणवते का ते विचारते. मग मोनोफिलामेंट: नायलॉनचा धागा, जो वाकतो तेव्हा बरोबर १० ग्रॅम दाब पडलेला असतो. डोळे मिटायला सांगून तळव्यावर ठिकठिकाणी टेकवायचा आणि विचारायचं, लागलं का? कुठे? कित्येकदा उत्तरच येत नाही. शेजारी बायको किंवा मुलगा बसलेला असतो, त्यांना धागा वाकलेला दिसत असतो. त्या क्षणी घरच्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघून मला बोलायला जड जातं, पण त्या दिवसापासून घरात पाय बघायला सुरुवात होते.

सगळं नीट असेल तर शुगर असलेल्यांनी वर्षातून एकदा तपासणी करावी. बधिरपणा असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर ६ ते १२ महिन्यांनी. दोन्ही असेल, किंवा एकाच्या जोडीला बोटं वाकडी झाली असतील, तर ३ ते ६ महिन्यांनी. पूर्वी जखम झालेली असेल किंवा बोट काढलेलं असेल तर १ ते ३ महिन्यांनी.

कुरूप

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कुरपाला मूळ असतं आणि ते उपटलं की संपलं, असं घरोघरी सांगतात. खरं तर मूळ वगैरे काही नसतं. एकाच जागी सतत दाब पडला की कातडी स्वतःला वाचवायला जाड होत जाते, आणि मध्यभागी घट्ट होऊन खुंटीसारखी आत रुतते. दाब तसाच ठेवून कुरूप काढलं तर ते परत येणारच.

आम्ही कातडी मऊ करून १५ नंबरच्या सर्जिकल ब्लेडने पापुद्रा पापुद्रा काढतो. भूल लागत नाही, रक्तही यायला नको. नंतर दाब हलवायचा: त्या जागेभोवती फेल्टचं पॅड, एमसीआरचा इनसोल, पुढे रुंद असलेली चप्पल. एमसीआर म्हणजे तो मऊ, बारीक छिद्रांचा रबर, जो कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांच्या चपलांसाठी वापरात आला आणि आता शुगरवाल्यांनाही उपयोगी पडतो.

अण्णांची दिंडोरी तालुक्यात दीड एकर द्राक्षबाग. २००९ च्या छाटणीच्या दिवसांत त्यांच्या उजव्या करंगळीखालचं कुरूप टोचायला लागलं. त्यांनी दाढीच्या ब्लेडने ते कापलं, कोणीतरी सांगितलं म्हणून वर बिब्बा तापवून लावला. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते. निरोगी माणसालाही फोड येतात, अण्णांना तर नऊ वर्षांची शुगर होती. पाचव्या दिवशी ते एका दवाखान्यात गेले, तिथे पट्टी न सोडताच गोळ्या लिहून दिल्या. मला कळलं अकराव्या दिवशी. मी घरी जाऊन पट्टी सोडली तेव्हा वासावरूनच समजलं. करंगळी काढावी लागली. त्या पाचव्या दिवशी कोणी पट्टी सोडून बघितली असती तर, हा विचार अजून जात नाही. म्हणून पेशंट कितीही घाईत असला तरी माझ्या खोलीत पट्टी सुटल्याशिवाय पुढचं काही होत नाही. तुम्हीही डॉक्टरांना सांगा, आधी जखम बघा.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कॉर्न कॅपमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असतं. कुरूप कुठे संपतं आणि चांगली कातडी कुठे सुरू होते, हे त्याला कळत नाही. शुगर किंवा बधिरपणा असेल तर कॉर्न कॅप, बिब्बा, रुईचा चीक यातलं काहीही नको.

कुरूप आणि मस यातला फरक घरी ओळखता येतो. वरून दाबल्यावर दुखतं ते बहुधा कुरूप. दोन बाजूंनी चिमटीत धरल्यावर जास्त दुखतं, त्यात काळे ठिपके दिसतात आणि कातडीच्या रेषा तिथे तुटलेल्या असतात, तो मस. तो विषाणूमुळे होतो आणि त्याचे उपचार वेगळे आहेत.

टाच

सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या पावलाला कळ येते आणि चार पावलं चाललं की कमी होते, ही बहुतेक वेळा तळव्याखालच्या जाड पट्टीची, प्लांटर फॅशियाची तक्रार असते. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं तरी घाबरू नका. ते कित्येक न दुखणाऱ्या टाचांमध्येही असतं.

पाय जमिनीला लावण्याआधी पायाची बोटं हाताने किंवा टॉवेलने नडगीकडे ओढा, १० सेकंद धरा, १० वेळा. दिवसातून दोनदा भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला ठेवून पोटरी ताणा, ३० सेकंद, ३ वेळा. संध्याकाळी पाण्याची गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून तळव्याखाली ५-७ मिनिटं फिरवा. बधिर पायांनी बर्फ टाळावा. आणि शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहून स्वयंपाक करणं थांबवा. घरात चपला चालत नाहीत, असं सासूबाई म्हणतात, हे मला रोज ऐकायला मिळतं. घरातल्यासाठी वेगळा, बाहेर कधीच न जाणारा जोड घ्या. पटतं त्यांना.

बरं व्हायला काही महिने लागतात, म्हणून आठवड्याने व्यायाम सोडू नका. टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन शेवटी, डॉक्टर म्हणतील तरच. वारंवार घेतलं तर ती पट्टी फाटण्याची भीती असते. दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी अर्धा-पाऊण तास अंग आखडलेलं असतं, तर संधिवाताची तपासणी करून घ्या.

चिखल्या, नखं, भेगा

इगतपुरीकडे भातलावणी सुरू झाली की चिखल्या येतात. अंबड, सातपूरच्या कारखान्यांतून सेफ्टी शूज घालणारे बाराही महिने येतात. बोटांमधली जागा कोरडी करणं हा अर्धा उपचार: साध्या सुती कापडाने, एकेक बेचकं. मोजे रोज बदला. क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिनचं मलम सांगितलेले सगळे दिवस लावा. तीन-चार औषधं एकत्र असलेली स्टिरॉइडवाली ट्यूब मागून आणू नका. दोन दिवस खाज थांबते आणि आत बुरशी पसरते. अशा फुटलेल्या बेचक्यातून जंतू शिरून पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला मी पाहिलाय.

नख जाड, पिवळं झालं तर आधी तुकडा तपासायला द्या, प्रत्येक जाड नख बुरशीचं नसतं. पायाचं नख पूर्ण नवीन यायला १२ ते १८ महिने लागतात, तेवढा धीर धरा. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. कोपरा मांसात रुतून पू होत असेल तर बोट बधिर करून फक्त तेवढी कड काढतात आणि तिथे फिनॉल लावतात, म्हणजे ती कड सहसा परत वाढत नाही. पूर्ण नख उपटायची गरज बहुधा नसते.

भेगांसाठी रात्री १० ते २५ टक्के युरिया असलेलं क्रीम टाचेला लावा, वर सुती मोजे. कोकमतेल वितळवून लावायची आपली पद्धत मला मनापासून आवडते, फक्त कोमट लावा. वजरी हलक्या हाताने फिरवा, लाल होईपर्यंत नको. बोटांच्या बेचक्यात क्रीम किंवा तेल नको. भेगेतून रक्त येत असेल तर घासू नका, दाखवा.

बधिर पाय

रोज रात्री तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, नाहीतर नातवाला बघायला सांगा. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. निफाडला थंडी पडली की दर वर्षी शेगडीजवळ किंवा गरम पाण्याच्या पिशवीने पाय भाजलेले पेशंट येतात. पाय शेकायचे नाहीत, लोकरी मोजे घाला. पाणी पायाने तपासू नका, कोपराने तपासा.

बायांना एक विनंती. पाय सुजत असतील तर जोडवी सैल करून घ्या किंवा काढून ठेवा. रुतलेलं जोडवं मी कटरने कापून काढलंय, खाली बोटाला गोल जखम होती. त्या मावशींना ते काढणं अशुभ वाटत होतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, फक्त जखमेचा फोटो काढून त्यांनाच दाखवला.

पाऊल अचानक सुजलं, लाल झालं, दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतंय, पण दुखत फारसं नाही आणि जखमही दिसत नाही, असं झालं तर त्या पायावर भार देऊ नका आणि त्याच दिवशी दाखवा. ही शार्को फूटची सुरुवात असू शकते. मुरगळलं असेल म्हणून चालत राहिलं तर आतली हाडं मोडून पावलाची कमान कोसळते. जखमेला वास, काळं पडलेलं बोट, वर चढत जाणारी लाली, पायाच्या जखमेसोबत ताप, यातही दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. काटा किंवा खिळा घुसला असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

फेरी आणि वारी

ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, आणि वणीच्या गडावर पायी जाणारे तर किती. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांना मी स्पष्ट सांगते, अनवाणी जाऊ नका. चपला मंदिराच्या दारापर्यंत पायात ठेवा, आत मोजे घालून जा. नवे बूट वारीत घालू नका, आधी महिनाभर वापरून बघा. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि पुढे सेंटीमीटरभर जागा राहू द्या. टाचेला, बोटांना व्हॅसलीन चोळा, सुक्या मोज्यांचा जादा जोड पिशवीत ठेवा. फोड आला तर फोडू नका, स्वच्छ गॉज लावून झाका आणि वाटेतल्या वैद्यकीय पथकाला दाखवा.

घरी पोचल्यावर आंघोळीनंतर, उजेडात, तळवे पुन्हा बघा. तिसऱ्या सोमवारनंतरच्या मंगळवारी मी खोली सकाळी आठलाच उघडते.