गावची विकास समिती काढताय? आधी यात्रा कमिटीकडे बघा

पुण्यात राहणाऱ्या गावाकडच्या मंडळींचं एक ठरलेलं आहे. धनकवडीला नाहीतर हडपसरला कुणाच्या तरी हॉलमध्ये रविवारी जमायचं, चहा होतो, गावात काय काय नाही याची यादी निघते, मग कुणीतरी म्हणतं "आपण एक विकास समिती काढू", लगेच ग्रुप तयार, लोगो तयार, अध्यक्ष उपाध्यक्ष कार्याध्यक्ष सगळे तयार, आणि सहा महिन्यांनी त्या ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे केक आणि कुणाच्या तरी फोटोखाली "भावी सरपंच".

गावाला समिती चालवता येत नाही असं मात्र अजिबात नाही. यात्रा कमिटी बघा की. घरटी वर्गणी ठरते, पावती फाडली जाते, पालखी, छबिना, भंडारा, कुस्त्यांचा आखाडा सगळं वेळेत होतं, एरवी बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ भंडाऱ्याला शेजारी उभे राहून वाढतात, आणि शेवटी कुणी किती दिले, मंडपवाल्याला किती गेले, शिल्लक किती याचा फ्लेक्स देवळाच्या भिंतीला लागतो. काम ठरलेलं, तारीख ठरलेली, हिशोब भिंतीवर. विकास समितीत नेमक्या याच तीन गोष्टी नसतात म्हणून ती बसते. "गावाचा सर्वांगीण विकास" हे काही काम नाही, त्याला तारीखच नाही, मग हिशोब कसला लावणार. "वरच्या वस्तीला उन्हाळ्यात रोज पाणी" हे काम आहे. एका वर्षाला एक, फार तर दोन कामं घ्या.

आता समिती कायद्यात कुठे बसते ते समजून घ्या, नाहीतर पहिल्याच महिन्यात सरपंच विचारतील "तुम्ही कोण?" आणि त्यांचं चुकीचं नसेल. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ४९ मध्ये ग्राम विकास समित्यांची सोय आहे. पाणीपुरवठा व स्वच्छता समिती त्यातूनच येते, १२ ते २४ सभासद आणि त्यात निम्म्या बायका. शाळेची व्यवस्थापन समिती वेगळी, ती शिक्षण हक्क कायद्यातली, तिच्यात ७५ टक्के पालक लागतात. शिवाय आरोग्याची आहे, जैवविविधतेची आहे, २००७ पासूनची तंटामुक्तीची आहे. म्हणजे तुम्ही नवीन काढायला निघालात त्याआधीच गावात कागदावर पाच-सहा समित्या आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्या सभासदांना आपण सभासद आहोत हेच माहीत नसतं. म्हणून पहिलं काम हे, की ग्रामपंचायतीत जायचं, ग्रामसेवकांना (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण हाक अजून भाऊसाहेबच) या समित्यांच्या याद्या मागायच्या. पाण्याचं काम करायचं असेल तर नवीन समिती काढण्यापेक्षा आहे त्या पाणी समितीत पुढच्या ग्रामसभेत काम करणारी माणसं घालून घेणं कधीही बरं, कारण तिच्या ठरावाला वजन आहे आणि आपल्या स्वयंसेवी समितीच्या ठरावाला नाही. आपली समिती म्हणजे मागे लागणारी माणसं, एवढंच समजून चाला, सत्ता ग्रामसभेची.

वेळ पण बघा बरं का. ग्रामपंचायतीची निवडणूक वर्षभरावर आली असेल तर थांबा. त्या काळात चार माणसं पारावर बसली तरी गाव म्हणतं पॅनल बांधतायत. निवडणूक झाली, गुलाल धुतला गेला, की मग सुरू करा, आणि पडलेल्या पॅनलमधला एक जण मुद्दाम घ्या.

माणसं किती आणि कोण. अकरा-तेरा पुरे. प्रत्येक आळीतून, प्रत्येक वाडी-वस्तीतून एक, प्रत्येक भावकीतून नाही, हा फरक महत्त्वाचा आहे कारण भावकीने मोजायला लागलात की मोठ्या भावकीचे चार होतात आणि ठाकरवस्तीचं कुणीच नसतं. पुण्या-मुंबईत राहणारे एक तृतीयांशापेक्षा जास्त नकोत. शनिवारी संध्याकाळी येऊन रविवारी दुपारी मटण खाऊन परत निघणाऱ्याला मंगळवारी व्हॉल्व्ह कुणी फिरवला नाही हे कळत नाही, तो फक्त ग्रुपवर मोठे मेसेज टाकतो. पुणेकरांना त्यांच्या कामाची कामं द्या, म्हणजे इस्टिमेट वाचणं, अर्ज टाईप करणं, झेडपीत चक्कर मारणं. बायका पाहिजेतच आणि नावाला नको, त्यासाठी मीटिंगची वेळ बदलावी लागते. संध्याकाळी सातला चावडीत मीटिंग ठेवली तर त्या वेळी धारा असतात, स्वयंपाक असतो, कोण येणार? दुपारी दोन-तीनला बचत गटाची मीटिंग असते तिथेच जाऊन बसा, निम्मं काम तिथेच होतं. पाण्याची खरी माहितीही तिथेच मिळते, पुरुषांना मोटार किती एचपीची ते माहीत असतं, नळाला पाणी किती वाजता येतं ते नाही.

मग शिवारफेरी. ही एप्रिल-मेमध्ये करा, पावसाळ्यात सगळं गाव सुंदरच दिसतं. पाण्याचं उदाहरण घेतो कारण आपल्याकडे भांडण तिथेच असतं. टाकीपासून सगळ्यात लांबच्या, सगळ्यात उंचावरच्या नळापाशी जायचं, पाणी सुटायच्या वेळेला. वीस लिटरची बादली, मोबाईलचं घड्याळ. पाणी सुटलं कधी, या नळाला आलं कधी, बादली भरायला किती वेळ लागला, बंद कधी झालं. मधल्या घरांत कुणी नळाला थेट मोटार लावलीय का ते कानाने ऐकू येतं, बघायलाही जावं लागत नाही, आणि मोटार सुरू झाली की इथली धार करंगळीएवढी होते ते डोळ्यासमोर दिसतं. घरात माणसं किती तेही लिहा. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा आहे, म्हणजे पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, साधारण चौदा बादल्या. चौदाच्या जागी चार भरत असतील तर "आमच्याकडे पाणी येत नाही" म्हणण्यापेक्षा हा आकडा सभेत सांगा. आठवडाभर असं चार-पाच नळांवर लिहून काढलं की बहुतेक वेळा कळतं की नवीन टाकी नकोच आहे, एक व्हॉल्व्ह गळतोय, दोन घरांच्या मोटारी आहेत आणि पाणी सोडणाऱ्याला वस्तीचा व्हॉल्व्ह वेगळा फिरवायला कुणी सांगितलेलंच नाही. टाकीत टीसीएल (जंतू मारायची ब्लीचिंग) पावडर पडते का तेही त्याच फेरीत बघून घ्या, गोणीवरची तारीख वाचा, जुन्या पावडरीत दम राहत नाही.

इथे आपल्याच पुणे जिल्ह्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे, धंद्याने इंजिनियर, पुण्यात कारखाना, पुरंदरमधल्या नायगावात जाऊन देवस्थानची चाळीस एकर माळरान जमीन कसायला घेऊन बसले आणि तिथून पाणी पंचायत उभी राहिली. पाझर तलाव बांध-बंदिस्ती बऱ्याच जणांनी केली, पण यांनी पाणी वाटायचे नियम आधी ठरवले: पाणी जमिनीच्या एकरावर नाही तर घरातल्या माणसांवर, माणशी अर्धा एकर आणि घराला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालासुद्धा वाटा, ऊस लावायचा नाही, आणि खर्चातला वीस टक्के वाटा लोकांचा. शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात हिवरे बाजारने पण तेच केलं, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची, बोअरवेलच्या पाण्यावर शेती नाही. सगळ्या गावांना हेच्या हेच जमणार नाही, बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात ऊसबंदी बोलून बघा. पण क्रम लक्षात ठेवा, आधी वाटपाचा नियम आणि मग पाईप. पाईप आधी टाकला की ज्याच्या दारातून गेला त्याचा झाला.

आकडे हातात आले की ग्रामसभा. वर्षाला किमान चार होतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास, आणि प्रत्येकीआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते. तुमचा विषय आधी महिला सभेत मंजूर करून घ्या, मोठ्या सभेत मग तो उडवणं अवघड जातं. विषय लेखी द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेला विषय "ऐनवेळचे विषय" मध्ये जातो आणि तोपर्यंत निम्मे लोक जेवायला गेलेले असतात. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी ते. तो भरला नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची गरज नसते, हे पक्कं ध्यानात ठेवा, कारण काही ठिकाणी पहिली सभा मुद्दाम ओस पाडतात आणि दुसरी दहा माणसांत उरकतात. तुमची शंभर माणसं पहिल्याच सभेला आणा. सूचक, अनुमोदक आधीच ठरवून ठेवा, ठराव शब्दशः लिहून न्या, आणि सह्या ठराव वाचून झाल्यावरच करा. कोऱ्या रजिस्टरवर सही करू नका, आत येताना "हजेरीची आहे हो" म्हणून पुढे केलं तरी. नंतर ठरावाची नक्कल मागा, दिली नाही तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच, पण तो शेवटी. आधी अर्ज टाकला की भाऊसाहेब वर्षभर तोंड फिरवतात.

ठराव आराखड्यात गेला पाहिजे, नाहीतर त्याला पैसा नाही. "आमचं गाव, आमचा विकास" म्हणतात तो ग्रामपंचायत विकास आराखडा, पुढच्या वर्षाचा आधीच्या वर्षात होतो, त्यामुळे मेमध्ये उठून चालू वर्षात काम मागितलं तर पैसे संपलेत असंच उत्तर येणार. २ ऑक्टोबरच्या आसपास मागे लागा. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत ६० टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेलाच, ४० टक्के अबंधित, आणि गावं भांडत होती ती सगळी त्या ४० टक्क्यांच्या पेव्हर ब्लॉकवरून. बंधित पैशाकडे बघायला कुणी नव्हतं. आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर कुणालाही दिसतो, पुण्यात बसूनसुद्धा. कुठलं काम घेतलं, किती रक्कम धरली, ते प्रिंट काढून पारावर लावायचं काम पुणेकरांना द्या, हे ते आवडीने करतील.

अजून एक, बांधकामाचं काही असेल तर जागा कुणाच्या नावावर आहे ते सगळ्यात आधी. तात्या म्हणाले "घ्या की जागा, देवाच्या नावाने दिली" आणि दहा वर्षांनी तात्या गेले, पोरांनी व्यायामशाळेला कुलूप लावलं, अशा गोष्टी प्रत्येक तालुक्यात सापडतील. बक्षीसपत्र करून ग्रामपंचायतीच्या नावाने नोंद झाल्याशिवाय कुदळ मारू नका.

पैशाबद्दल माझं मत जरा कडक आहे. समितीने शक्यतो पैसे गोळाच करू नयेत. लोकवर्गणी असेल तर ग्रामपंचायतीच्या खात्यात, पावती ग्रामपंचायतीची. अगदीच करायचे तर दोन सह्यांचं खातं, त्यातली एक सही गावात राहणाऱ्याची, एकाच्या मोबाईलवर जीपे अजिबात नाही, माणूस कितीही सरळ असला तरी, कारण बोलणारे त्याच्या नवीन गाडीकडे बोट दाखवणारच. दर महिन्याचा हिशोब देवळाच्या भिंतीवर, यात्रेसारखाच. चाकण, रांजणगाव, जेजुरीच्या कंपन्यांचा सीएसआर (समाजकार्यासाठीचा निधी) मिळेल म्हणून लगेच संस्था रजिस्टर करायला धावू नका. सात जण जमवून नोंदणी होते, पण नंतर दरवर्षी ऑडिट, धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, आणि कंपनीचा पैसा घ्यायला संस्थेची वर सीएसआर-१ नोंदणी पण लागते, म्हणजे अध्यक्ष पाण्याचं सोडून कागदंच गोळा करत बसतो. आधीपासून नोंदणी असलेली चांगली संस्था गाठा, पैसे तिच्याकडून येऊ देत, गावातलं काम तुम्ही बघा.

काम सुरू झालं की कार्यारंभ आदेशाची आणि अंदाजपत्रकाची झेरॉक्स काढा आणि वस्तीतल्या दोघांना वाटून द्या. पाईप किती इंची, कुठल्या क्लासचा, किती खोल गाडायचा, खाली मुरूम टाकायचा का, एवढं चार ओळीत मराठीत लिहून. रोज संध्याकाळी चर बुजवायच्या आत टेप लावून फोटो. इंजिनियर साहेबांनी एमबी (कामाची मोजमाप वही) लिहिली की नंतर तुमच्या फोटोला किंमत कमी, त्याच्या आधी लेखी द्यायचं. ठेकेदार गावातलाच असेल, बहुतेक असतोच, तर भांडायला समितीतला त्याच्या भावकीतला माणूस पाठवा.

आणि काम संपल्यावर पाच रुपयाचा पेढा वाटून विसरू नका, ठेकेदाराची अनामत रक्कम दोषदायित्व कालावधी (काम बिघडलं तर त्यानेच दुरुस्त करून द्यायची मुदत) संपेपर्यंत अडकलेली असते. तो कालावधी किती आणि कुठल्या तारखेला संपतो ते करारनाम्यात लिहिलेलं असतं, ती तारीख तीन जणांच्या मोबाईलमध्ये टाका, महिनाभर आधीची आठवण लावा, आणि त्या महिन्यात परत बादली आणि घड्याळ घेऊन शेवटच्या नळावर जा. गळती असेल तर फोटोसकट अर्ज ग्रामपंचायतीला, एक प्रत पंचायत समितीला, दोन्हीवर आवक नंबर घ्या. तारीख उलटून गेल्यावर तोच व्हॉल्व्ह गावाच्या पाणीपट्टीतून बदलावा लागतो.