एकच ग्राउंड, पण आईचा दम वेगळा आणि पोराचा वेगळा

शाळेतून निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यातून उतरलेली नाही. साताऱ्यात आठवड्यातून चार दिवस पहाटे सहाला मी बायकांना पळवते. पोरांना घरी कुणाजवळ ठेवायचं, म्हणून बायका त्यांनाही घेऊन येऊ लागल्या आणि बघता बघता आठ ते तेरा वयाची डझनभर पोरं जमली. मग मीही सोपा मार्ग धरला. आयांना वीस मिनिटं सावकाश जॉगिंग, तेच पोरांना. दहाव्या दिवशी निम्मी पोरं कडुलिंबामागे गोट्या खेळताना सापडली. एक जण तोंडावर म्हणाला, "बाई, नुसतं गोल गोल काय फिरायचं?"

त्याचं बरोबर होतं, माझं चुकत होतं. त्यानंतर मी दोघांसाठी जे वेगळं बसवलं, ते इथे लिहिते आहे.

पळायच्या आधी रक्त

दम म्हणजे फक्त फुप्फुसं नव्हेत. हृदय एका ठोक्यात किती रक्त ढकलतं, त्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन किती आहे आणि पायाचे स्नायू तो ऑक्सिजन किती वापरतात, या तिन्हींवर दम ठरतो. यातलं मधलं कच्चं असेल तर बाकीच्या दोन्हींवर कितीही मेहनत घ्या, गाडी अडते.

आमच्यात एक वहिनी आहे, पहाटे चारला उठून डब्यांच्या पोळ्या लाटते. पाच आठवडे एकही खाडा केला नाही, तरी दोन राउंडांनंतर तिची धाप पहिल्या दिवसासारखीच. "बाई, पायच उचलत नाहीत," म्हणायची. मी आधी म्हटलं, झोप पुरत नसेल. मग एकदा तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, आत पांढरट. तपासलं तर हिमोग्लोबिन ८.९. पाच आठवडे मी तिला रिकाम्या टाकीवर पळवत होते. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणानंतर लगेच चहा घेणं बंद करायला सांगितलं, कारण चहाने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. तीन महिन्यांत आकडा ११.८ वर आला आणि राउंड न थांबता पाच झाले. व्यायाम तोच होता.

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायका त्यात निघाल्या. म्हणजे मैदानावर उभ्या असलेल्या दोघींपैकी एक. म्हणून माझ्याकडे नाव घालताना पहिली अट बुटांची नाही, रक्ताच्या रिपोर्टची. चाळिशी ओलांडलेली असेल, बीपी किंवा साखर असेल, चढताना छातीत दाबल्यासारखं होत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी ग्राउंडवर घेत नाही.

दम मोजायचा कसा

ऑक्सिजन मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, तुमच्याकडेही नसेल. मोठ्यांसाठी मी १२ मिनिटांची चाचणी घेते. केनेथ कूपर या अमेरिकी डॉक्टरने १९६८ साली ती मांडली. बारा मिनिटांत जितकं जमेल तितकं पळायचं, चालावं लागलं तर चालायचं, आणि मीटर लिहून ठेवायचे. अंतरातून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागलं की वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरता याचा अंदाज येतो. ४०० मीटरचे पाच राउंड झाले तर साधारण ३३. बहुतेक वेळ चालतच गेलेल्या बाईसाठी मात्र मी हा भागाकार करत नाही, तिचे नुसते मीटर बघते. आणि हो, नवऱ्याच्या आकड्याशी तुलना नको. बाईचं हृदय लहान असतं, हिमोग्लोबिनही कमी, तेव्हा तिचा आकडा कमी येणारच. तुलना फक्त स्वतःच्या मागच्या पानाशी.

दुसरं माप त्याहून सोपं. सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातच, मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहा. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागलं की तेच काम कमी ठोक्यांत होतं. माझ्या जावेची नाडी जूनमध्ये ८४ होती, दसऱ्याला ७३. तिला मीटरपेक्षा या आकड्याचंच अप्रूप जास्त.

बायकांचे बारा आठवडे

पहिले दोन आठवडे फक्त झपाझप चालायचं, २५ मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. कसोटी बोलण्याची. वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. या दिवसांत काही होत नाही असं वाटतं, पण रक्तातलं पाणी वाढायला पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच सुरुवात होते आणि हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त माल मिळू लागतो.

तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दर आठवड्याला पळणं अर्ध्या मिनिटाने वाढवा. चालणं पाचव्या आठवड्यापर्यंत दोन मिनिटं ठेवा, मग एकावर आणा. आठव्या आठवड्याच्या शेवटी बहुतेक जणी न थांबता १५ मिनिटं पळतात. पळण्याचा वेग? शेजारणीला उत्तर देता येईल इतकाच. नव्या बायका हमखास जोरात सुटतात आणि दुसऱ्या वळणावर कंबरेवर हात ठेवून उभ्या राहतात. मी शिट्टी मारून म्हणते, "बस पकडायची नाहीये!"

नवव्या आठवड्यापासून खरा बदल. चारपैकी एक दिवस आम्ही साताऱ्यातल्या 'चार भिंती' नावाच्या जागेच्या चढाला जातो. तीन मिनिटं जोरात चढायचं, इतकं की दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, मग तीन मिनिटं सावकाश उतरायचं, असं चार वेळा. बाकीचे तीन दिवस हळूच. चारही दिवस जोरात घेणाऱ्या दोघींच्या नडग्या दुखायला लागल्या होत्या, तेव्हापासून हा नियम मी मोडू देत नाही.

नाडीवर चालायचं असेल तर २२० वजा वय हे सूत्र बायकांसाठी सोडा. २०१० मध्ये शिकागोत डॉ. मार्था गुलाटी आणि सहकाऱ्यांनी पाच हजारांहून जास्त बायकांच्या चाचण्यांवरून वेगळं सूत्र काढलं: वयाला ०.८८ ने गुणा आणि २०६ मधून वजा करा. चाळीस वर्षांच्या बाईची कमाल नाडी त्याने १८० नाही, १७१ येते. हळू दिवशी तिने १०५ ते १२० च्या आसपास राहावं, चढाच्या दिवशी १४० च्या पुढे. थांबल्या थांबल्या गळ्याशी १५ सेकंद मोजून चारने गुणा. पाळीच्या आधीच्या आठवड्या-दीड आठवड्यात अंग थोडं गरम असतं, नाडीही चार ठोके चढी लागते. दम घटला असं समजू नका. पाळीत पळायचं की नाही ते जिचं तिने ठरवावं, मी कुणाला बसवतही नाही आणि ओढतही नाही.

"बायकांना झेपतं का हो हे?" असं अजून एखादी सासू विचारतेच. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत झाली, दमून काही जणी मैदानावर बसल्या, आणि तेवढ्यावरून ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ उजाडलं. आपल्याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओत ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली, हे सांगितलं की सासूबाई गप्प होतात.

बारा आठवड्यांनी किती फरक पडतो? बैठं आयुष्य असलेल्या बाईचा दम १० ते २० टक्के वाढणं नेहमीचं आहे. पण सारख्या मेहनतीला सारखं फळ येत नाही. अमेरिकेत कुटुंबंच्या कुटुंबं घेऊन २० आठवडे एकच व्यायाम दिला गेला. सरासरी वाढ मिनिटाला सुमारे ४०० मिलिलिटर ऑक्सिजन, पण कुणाची जवळपास शून्य, कुणाची लिटरभर, आणि हा फरक बराचसा घराण्यातून आलेला. तेव्हा शेजारीण पुढे गेली म्हणून तुम्ही आळशी ठरत नाही. वाढ दिसत नसेल तर मी आधी रक्त बघते, मग झोप, मग चढाचा दिवस दोन करते.

पोरांना शिट्टी नको, खेळ द्या

पोरांचं गणित निराळं. आयांनी इथे सर्वांत जास्त निराश व्हायचं टाळावं, कारण मनापासून केलेल्या मेहनतीनेही लहान मुलांचा ऑक्सिजनचा आकडा सरासरी पाच-सहा टक्केच वाढतो. किलोमागे बघितलं तर बहुतेक पोरांचा आकडा आईपेक्षा आधीच चांगला असतो, वाढायला जागा कमी. तरी सहाशे मीटरची त्यांची वेळ मात्र भराभर सुधारते. पाय लांब होतात, हात वेडेवाकडे फेकणं थांबतं, तेवढ्याच श्वासात जास्त अंतर कापलं जातं. म्हणून पोरांच्या वहीत मी वेळेशेजारी उंचीही लिहिते. एका मुलाची वेळ सहा महिन्यांत १४ सेकंदांनी उतरली, आई पेढे घेऊन आली. उंची बघितली तर चार सेंटिमीटर वाढलेली. पेढे खाल्ले, पण श्रेय सगळं मी घेतलं नाही.

सावकाश जॉगिंगने पोरांच्या दमात फारसं काही हलत नाही, त्यांना थोडाच वेळ पण पूर्ण जोरात पळणं लागतं. पोरं स्वतःच तशी खेळतात: सुसाट, थांब, पुन्हा सुसाट. दमतात लवकर, पण सावरतातही आपल्यापेक्षा लवकर. म्हणून आमची ४० मिनिटं अशी. फक्कीने वीस मीटरवर दोन रेघा मारायच्या. दोन गट, रिले, पंधरा सेकंद जीव खाऊन पळायचं, तेवढंच थांबायचं, आठ फेऱ्या. मग साखळी किंवा विषामृत. मग खो-खो. खो-खोत बसलेल्याला विश्रांती मिळते आणि खो मिळाला की पूर्ण जोर, याहून चांगला इंटरव्हल, म्हणजे जोर आणि विश्रांती आलटून-पालटून देणारा व्यायाम, मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही. आठवड्यातून तीन दिवस हे, आणि उरलेले दिवस सायकल, पोहणं, गल्लीतलं क्रिकेट, काहीही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल आणि त्यात तीन दिवस जोराची सांगते.

पोरांची नाडी २०० ला टेकली तर घाबरू नका. खेळात ती जातेच, आणि वयाचं सूत्र त्यांना लागू पडत नाही. घाबरायचं ते उन्हाला. त्यांचं लहान अंग ऊन लवकर पकडतं आणि घामही आपल्याइतका येत नाही, तेव्हा एप्रिल-मेमध्ये आठच्या आत घरी. टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दाबल्यावर दुखत असेल तर "थोडं सहन कर" म्हणू नका. वाढत्या हाडाची ती तक्रार असते, तेवढे दिवस पळणं बंद. आणि पळणं ही शिक्षा म्हणून देऊ नका. एका शाळेत गृहपाठ नाही केला की ग्राउंडला पाच फेऱ्या असायच्या. तिथून आलेल्या मुलीला रेघेवर उभं करायला मला महिना लागला.

मुलींचं आणखी एक. अकरा-बारापर्यंत त्या मुलांच्या बरोबरीने पळतात. वयात येताना अंगावर चरबी वाढते, पाळी सुरू होते, किलोमागचा आकडा आपोआप खाली येतो. मुलीला वाटतं आपण ढिल्या पडलो, आणि त्याच सुमाराला ती यायची बंद होते. अशा वेळी तिला आकडा सांगूच नका. व्यवस्थित बसणारी स्पोर्ट्स ब्रा, गडद रंगाची ट्रॅकपँट आणि ग्राउंडजवळ कडी लागणारं स्वच्छतागृह, या तीन गोष्टींनी माझ्याकडच्या मुली टिकल्या. वर्षातून एकदा त्यांचंही हिमोग्लोबिन बघा.

खाडे पडले तर

पडणारच. गणपती, परीक्षा, दिवाळी, लग्नसराई. आठवडाभर सुटलं तर काहीच बिघडत नाही. तीन आठवडे सुटलं तर पहिल्यांदा रक्तातलं वाढलेलं पाणी उतरतं आणि नाडी चढी लागते, म्हणून परतल्यावर दोन आठवडे मागचं पान काढून तिथून सुरू करा. चढ पहिल्या आठवड्यात नको. पोरांना मात्र परत आणायला काही करावं लागत नाही. सोमवारी फक्कीचा डबा उघडला की त्यांच्यातला एक जण रेघ मारायला हात पुढे करतोच, आणि त्या वाकड्या रेघेवरूनच आम्ही पळतो.