कचऱ्याचा फोटो पुरावा ठरावा म्हणून

कचऱ्याच्या ढिगाचे फोटो लोक रोज पाहतात आणि पुढे सरकतात. थबकायला लावतो तो फोटो, ज्यात जागा कुठली, कचरा किती आणि तो कधीपासून पडलाय हे न सांगता कळतं.

एका जागेचे तीन फोटो पुरतात. पहिला दहा-पंधरा पावलं मागे जाऊन. त्यात विजेचा खांब, पाटी किंवा वळण यायलाच हवं, नाहीतर ‘ही आमची हद्द नाही’ म्हणायला वाट मिळते. दुसरा पूर्ण ढिगाचा. तिसरा इतक्या जवळून की वेष्टनांवरची अक्षरं वाचता यावीत.

प्रमाणाची फसगत सगळ्यात जास्त होते. उकिडवं बसून वाइड लेन्सने काढला तर गुडघाभर ढीगही डोंगर वाटतो, आणि जागेवर येऊन पाहणाऱ्याचा मग बाकीच्या फोटोंवरचाही विश्वास उडतो. झूम 1 एक्सवर ठेवा, फोन छातीच्या उंचीवर धरा आणि ढिगाला टेकवून दर 10 सेंमीवर खूण केलेली मीटरभर काठी उभी करा. सिगारेटची थोटकं, गुटख्याच्या पुड्या असा बारीक कचरा असेल तर साडेचार मीटर सुतळीचा 1 मीटर बाजूचा चौकोन टाका (उरलेली सुतळी गाठींना लागते), सरळ वरून फोटो घ्या आणि नग मोजा. चौकोन मात्र सगळ्यात घाण जागा निवडून टाकू नका. दर दहा पावलांवर टाका.

भर दुपारी पांढऱ्या पिशव्या नुसत्या चकाकतात, तपशील उडतो. सकाळचं तिरकं ऊन बरं. नाहीच जमलं तर फोनच्या पडद्यावर पिशवी दिसते तिथे बोट टेकवून फोकस घ्या आणि एक्स्पोजर (फोटोतला उजेड) थोडं खाली ओढा. फ्लॅश नको, प्लास्टिकवरून उजेड थेट परत येतो.

एका फोटोपेक्षा एकाच चौकटीचे सलग सात दिवसांचे सात फोटो भारी पडतात. उभं राहायची जागा पक्क्या खुणेवरून ठरवा, म्हणजे फरशीचा सांधा किंवा गटाराच्या झाकणाची कड. खडूची खूण पुसली जाते. कॅमेऱ्यातलं ग्रिड (पडद्यावरच्या उभ्या-आडव्या रेषा) चालू ठेवून खांब रोज त्याच रेषेवर आणा. वेळही तीच हवी. एक दिवस कचरा उचलण्याआधी आणि दुसऱ्या दिवशी उचलल्यावर काढलात, तर तुलनेला अर्थ उरत नाही.

कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी द्या. उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं, म्हणून पत्ता लिहूनही ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली ठिकाणाची माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. घरातून काढलेला मूळ फोटो मात्र सगळ्यांसमोर टाकू नका, तुमचाच पत्ता जाईल.

कचरा हलवून ‘सजवू’ नका. सुया, काचा असतातच. सफाई कामगार, कचरा वेचणारे यांचे चेहरे टाळा, गाड्यांचे नंबर झाका. रंग भडक करू नका आणि मूळ फाइल न कापता जपा.

तक्रारीला चाळीस नव्हे, चार फोटो जोडा. खाली ठिकाण, तारीख, वेळ आणि एकच मागणी: पेटी हवी, की उचलण्याची वेळ बदलायची? जागा साफ झाली की तीच चौकट पुन्हा टिपून त्याच लोकांना पाठवा.