डेलोसची एका दिवसाची फेरी: आधी डोंगर, मग सिंह

डेलोस हे ग्रीसमधल्या मिकोनोस बेटाजवळचं प्राचीन अवशेषांचं छोटं बेट. तिथे मुक्काम करता येत नाही. शेवटच्या बोटीने परतावंच लागतं. हातात जेमतेम तीन-चार तास असतात, म्हणून काय आधी पाहायचं हे बोटीत बसण्यापूर्वीच ठरवा.

बोटी मिकोनोस गावातल्या जुन्या धक्क्यावरून सुटतात आणि अर्ध्या तासात पोचतात. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून येणारी मोठी जहाजं मात्र तुर्लोसच्या नव्या बंदराला लागतात. ते गावापासून सुमारे दोन किलोमीटरवर आहे आणि बोट चुकते ती बहुधा याच घोळात. स्थानिक लोक बेटाला ‘दीलोस’ म्हणतात, तोच उच्चार कानावर पडेल. बोटीचं आणि स्थळाचं तिकीट वेगवेगळं असतं. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आणि सोमवारी स्थळ उघडं आहे का, हे तिकीट काढतानाच विचारून घ्या.

जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात. त्यामुळे मिकोनोसला पोचल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच डेलोस उरका. शेवटच्या दिवसावर ठेवलं तर राहूनच जाईल. बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्या.

माणशी दीड लिटर पाणी, बंद बूट आणि नाडीची टोपी हवीच. बेटावर झाड म्हणावं असं जवळजवळ नाही आणि माथ्यावरच्या वाऱ्यात साधी टोपी टिकत नाही.

उतरल्यावर बहुतेक जण डावीकडे संगमरवरी सिंहांच्या दिशेने निघतात. तुम्ही उजवीकडे, नाट्यगृहाच्या वस्तीत वळा. गर्दी नसते आणि चढ उन्हाआधी होतो. इथलं क्लिओपात्राचं घर इजिप्तच्या राणीचं नव्हे, अथेन्सच्या एका बाईचं. नवऱ्याने अपोलो या ग्रीक देवाच्या देवळाला दोन चांदीच्या तिवया वाहिल्या, म्हणून तिने त्याचा पुतळा उभारला, त्याचा शिलालेख इ. स. पू. १३८-१३७ चा. पुढे सुमारे साडेपाच हजार आसनांचं नाट्यगृह लागतं. त्याच्या शेजारचं कमानींचं टाकं चुकवू नका. नाट्यगृहाच्या उतारावरचं पावसाचं पाणी त्यात साठवत. गोड्या पाण्याची इथे तेव्हाही चणचणच होती.

तिथून इसिस या इजिप्शियन देवीच्या देवळावरून किंथोस डोंगरावर चढा. उंची फक्त ११२ मीटर, पण पायऱ्या ओबडधोबड आहेत आणि जोराच्या वाऱ्यात उतरताना तोल जातो. वारा फारच असेल तर इसिसपाशीच थांबा. माथ्यावरून समोर रेनेया हे शेजारचं बेट दिसतं. इ. स. पू. ४२६ मध्ये अथेन्सने डेलोस ‘शुद्ध’ करायला घेतलं आणि इथली थडगी उकरून तिकडे हलवली. पुढे इथे जन्मायला आणि मरायलाही बंदी आली. अपोलोच्या जन्मभूमीत बाळंतपणाला मनाई, हे जरा अजबच!

खाली उतरून अपोलोचं देवस्थान पाहत सिंहांकडे या. नाक्सोसच्या संगमरवराचे हे सिंह इ. स. पू. सातव्या शतकाच्या अखेरचे. उघड्यावर दिसतात त्या प्रतिकृती, मूळ सिंह संग्रहालयात हलवले आहेत. जवळचं पवित्र तळं हिवतापाच्या भीतीने १९२५-२६ मध्ये आटवलं. आता खोलगट जागा आणि मधोमध एक ताडासारखं झाड, एवढंच उरलंय.

भिंतींवर चढू नका, पहारेकरी शिट्टी वाजवतात. बोट सुटायच्या वीस मिनिटं आधी धक्क्यावर या. सिंहांपासून तिथवरची वाट दिसते त्याहून लांब आहे.